भट्टीची बिस्किटं आणि मधुकररावांचं मत

मधुकररावांना काहीही खायला घाला, ते म्हणतात, "बरं आहे." पुरणपोळी घाला, बरं आहे. कालची खिचडी गरम करून घाला, तीही बरी आहे. एकदा रुख्मिणीबाईंनी मुद्दाम वांग्याच्या भाजीत मीठच घातलं नाही आणि समोर पाट टाकून बसल्या. मधुकररावांनी ताट स्वच्छ केलं, हात धुतला, टॉवेलला पुसला आणि बाहेर जाता जाता म्हणाले, "बरी होती." अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे भिंतीशी पत्ते खेळणं, असं रुख्मिणीबाईंचं मत होतं. मत त्यांच्याजवळ कशाहीबद्दल असे. नवराबायकोत मिळून जेवढी मतं असायला हवीत तेवढी त्या एकट्याच सांभाळत आल्या होत्या, आणि त्याचा शीण त्यांनाच होता.

ह्या रागाचं मूळ फार जुनं. मधुकरराव मुलगी पाहून घरी गेले तेव्हा वडिलांनी विचारलं, मुलगी कशी वाटली. हे म्हणाले, "बरी आहे." ही बातमी मधुकररावांची मोठी बहीण अन्नपूर्णाबाई हिनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी नव्या नवरीच्या कानात घातली, तेही कौतुकानं. तेव्हापासून ती रुख्मिणीबाईंच्या पोटात सलत होती. नातवंडं खेळवायचं वय झालं तरी विरघळली नव्हती.

गंमत अशी, की ह्याच सवयीवर मधुकररावांचं सिंदीतलं कापडाचं दुकान चाललं. बाकीचे दुकानदार प्रत्येक लुगड्याची आरती ओवाळत. हे एखाद्या लुगड्यावर बोट ठेवून "बरं आहे" म्हणत, आणि बायका म्हणत, हा माणूस खोटं बोलत नाही, बांधा. आता दुकान मुलगा प्रफुल पाहतो. मधुकरराव पुढच्या खोलीत पेपर वाचतात, आणि पेपरातल्या बातम्याही त्यांना बऱ्या वाटतात.

यंदा मात्र घरात मतांचा सुकाळ झाला, कारण यंदा घरात ओव्हन आला. सून नमिता शाळेत शिकवते. मुलांचे पेपर तपासून तिला सवय अशी लागली की केक ओट्यावर ठेवायचा आणि सगळ्यांना ओळीनं विचारायचं, दहापैकी किती. प्रफुल दहा देई, त्याला त्याच घरात राहायचं होतं. मधुकरराव बरं आहे म्हणत. रुख्मिणीबाईंना साखरेचा त्रास, डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. त्यामुळे त्या न चाखताच मत देत, आणि ते सगळ्यात सविस्तर असे. हा फुगला तो सोड्यानं, जीव नाही त्यात. हा बसला, झोपमोड झालेल्या माणसासारखा. ह्याला वरून खोबरं कशाला, आतलं काय लपवायचं आहे?

डिसेंबर सरत आला. शाळेला सुट्टी लागली, गल्ली उन्हात अंग शेकत बसली, कुठे लग्न नाही, कुठे बारसं नाही. अशा रिकाम्या दिवसांत नमितानं घरच्या ग्रुपवर वर्षाचा आढावा टाकला. जानेवारीपासूनचे सगळे केक आणि पाव, खाली प्रत्येकाला कोण काय म्हणालं ते. नातेवाइकांनी त्यावर भराभर लाल बदाम टाकले. रुख्मिणीबाईंनी ते फोनवर पाहिलं आणि फोन उपडा ठेवला. जन्मभर भाकरी थापल्या, एका भाकरीवर कुणी बदाम टाकला नव्हता.

त्यात प्रफुलनं जेवता जेवता तोंड उघडलं. म्हणाला, "आई, यंदा भट्टीवर कायले जातं? घरीच ओव्हन आहे. नमिता बिस्किटं करून देईन."

भट्टीवर जाणं म्हणजे काय, हे प्रफुलला कळलेलं नव्हतं. दर डिसेंबरात गावातल्या बायका घरची कणीक, रवा, दळलेली साखर आणि तूप घेऊन हिरालालच्या भट्टीवर जातात. हिरालाल ज्याचं त्याचं सामान वेगळं मळतो, साच्यातून काढतो, पत्र्यावर मांडून भट्टीत सारतो. सामानवाली आपला रिकामा पत्र्याचा पिपा मांडीशी घेऊन बाकावर नंबरची वाट पाहते. दुपारची संध्याकाळ होते. त्या बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला रुख्मिणीबाई बसत. ती जागा दुसरं कुणी घेत नसे. तिथे बसून त्या कुणाचं तूप कढवताना लागलं ते सांगत, कुणाच्या सुनेचा हात आखडता ते सांगत, कुणाच्या लग्नात जेवण कमी पडलं त्याचा निकाल देत, आणि बायका माना डोलवत. घरी त्यांनी एक वाक्य सुरू केलं की कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवी. वर्षाकाठी तो एक बाक त्यांना पूर्ण ऐकून घेई. आणि हा मुलगा म्हणतो, कशाला जाता.

हे सगळं सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून रुख्मिणीबाईंनी भलतंच सांगितलं. रागात त्या म्हणाल्या, "एकतीस तारखेले अन्नपूर्णाताई येऊन राह्यल्या आर्वीहून. दोघींचीही बिस्किटं त्यायच्या पुढ्यात ठेवू. त्यायनं तुह्या बायकोची पसंत केली, तर मी जन्मात हिरालालच्या भट्टीची पायरी चढणार नाई."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. पण आजवर त्यांनी बोललेलं कधी परत घेतलं नव्हतं. आता सुरुवात करायचं वय नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सामान काढलं ते भांड्यांचा आवाज करत. नमिता मदतीला आली तर म्हणाल्या, तू तुझ्या त्या ओव्हनच्या पेटीकडे पाहा. मागच्या वर्षी हिरालालचा सोडा त्यांच्या मनास आला नव्हता, म्हणून यंदा सोडाही घरचा न्यायचा होता. वरच्या फळीवर दोन सारख्या बरण्या होत्या. एकीत खायचा सोडा, दुसरीत जानेवारीत उडदाचे पापड करायचे म्हणून आणलेला पापडखार. एरवी त्या बरणी उघडून बोटावर घेऊन पाहत. त्या दिवशी मान पुढच्या खोलीकडे होती, कारण मधुकररावांना विचारलं होतं, मी केलं ते बरोबर की नाही. आणि आतून उत्तर आलं होतं, "बरं केलं." त्या उत्तरावर तोंडातल्या तोंडात पुटपुटत त्यांनी हाताला लागली ती बरणी पिशवीत टाकली.

भट्टीवर हिरालालनं ती उघडली, चिमूट बोटांत चोळली आणि थांबला. "काकू, हा सोडा जरा..."

"जरा काय?"

"नाई, म्हटलं, जरा चाखून पाहता का?"

"तू पाळण्यात होता तवापासून मी इथं बिस्किटं काढून राह्यली. तू मले चाखाले लावतं? टाक."

बाकावरच्या बायका हसल्या. हिरालालला अजून बरीच वर्षं ह्याच गावात भट्टी चालवायची होती. त्यानं टाकला.

बिस्किटं बाहेर आली ती अशी, की बायका उठून उभ्या राहिल्या. रंग नुसता सोन्यासारखा. भट्टीवर कुणाच्याच बिस्किटांना असा रंग कधी आला नव्हता. कुणी विचारलं, काकू, काय घातलं हो? रुख्मिणीबाई पिप्याचं झाकण लावत म्हणाल्या, "काही नाई वं. हात लागते त्याले." ती दुपार त्यांच्या आयुष्यातली फार चांगली दुपार होती.

घरी येताच त्यांनी गल्लीत ताटल्या पाठवल्या. दरवर्षी ताटली गेली की अर्ध्या तासात शेजारची पोरं दारात उभी राहत, आजी, अजून. यंदा कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारची रीता रिकामी ताटली द्यायला आली. म्हणाली, खूप छान झाली काकू, इतकी छान की आम्ही पाहुण्यांसाठी ठेवली. समोरच्या घरी विचारलं तर त्यांनीही पाहुण्यांसाठीच ठेवली होती. कोपऱ्यावरच्या बाईंनी तर लेक बाळंतपणाला येईल तेव्हा काढू म्हणून सांगितलं, आणि लेकीचं लग्न अजून व्हायचं होतं. प्रफुलनं एक डबा दुकानात गिऱ्हाइकांसाठी नेला. तो डबा संध्याकाळी गेला तसाच घरी आला. प्रफुल म्हणाला, आजकाल लोकांना शुगर फार.

मग तानबाच्या बकरीचं झालं. ती बकरी गल्लीत दोरीवरचे टॉवेल खाते, दारावरचं तोरण खाते, एकदा तिनं निवडणुकीचा उमेदवार भिंतीवरून ओढून अर्धा खाल्ला होता. रुख्मिणीबाईंनी फुटकं बिस्किट तिच्यापुढे टाकलं. बकरीनं वास घेतला, मान वर करून रुख्मिणीबाईंकडे पाहिलं, आणि चार पावलं मागे जाऊन उभी राहिली. रुख्मिणीबाईंनी तानबाला हाक मारून सांगितलं, तुझ्या बकरीचं पोट बिघडलं आहे, डॉक्टरला दाखव. तानबानं बिस्किट पाहिलं, बकरी पाहिली, आणि उद्याच नेतो म्हणाला.

आपलं चुकलं असेल असं रुख्मिणीबाईंच्या मनात आलं नाही. त्यांच्या मनात वेगळंच आलं. वर्षभर त्या केकांच्या ताटल्या गल्लीत फिरल्या होत्या. मऊ खाऊन खाऊन सगळ्यांच्या जिभा लाडावल्या, आता कुणाला कुरकुरीत सोसत नाही. बकरीनंही केक खाल्लाच असेल.

शेवटी आधाराला एकच माणूस उरला. मधुकरराव रोज सकाळी चहाबरोबर दोन बिस्किटं खात. न चुकता. रुख्मिणीबाई ते सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात मोजत. पण नुसतं खाऊन काय उपयोग. त्यांनी पुढ्यात बसून विचारलं, "कशी झाली?"

"बरी आहे."

"नुसती बरी? दरवर्षीपेक्षा बरी, का कमी बरी?"

मधुकररावांनी विचार केला. "दरवर्षीपेक्षा वेगळी बरी आहे."

"रंग पाह्यला का?"

"रंग बरा आहे."

रुख्मिणीबाईंनी कपबशी अशी उचलली की बशी एकीकडे आणि कप एकीकडे. अख्ख्या गावाला लुगडी विकली ह्या माणसानं, बायकोसाठी एक धड वाक्य त्याच्या कापडाच्या ठाणात नव्हतं.

एकतीस तारीख उजाडली. त्या दिवशी घरातलं कुणीच धड वागत नव्हतं. सकाळी रुख्मिणीबाई देवळातून आल्या तर नमिता त्यांचा पिपा कुशीत धरून ओट्याशी उभी. विचारलं तर म्हणाली, पुसत होते आई, धूळ बसली होती. आता सून पिपा पुसते म्हणजे हरणार हे तिला कळलं, असा त्यांनी अर्थ लावला आणि मनातून त्या जरा निवळल्या. दुपारी डोळा लागून उठल्या तर स्वयंपाकघरात मधुकरराव. लग्न झाल्यापासून हा माणूस चुलीच्या बाजूला फिरकला नव्हता. एका हातात झाकण, दुसरा हात मागे.

"काय करून राह्यले तुम्ही?"

"पाणी."

पुढच्या खोलीत माठ भरलेला होता. पण तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला, "कोणी आहे का घरात, का सगळे झोपले?" आणि रुख्मिणीबाई पदर सारखा करत धावल्या. सबंध जिल्ह्यात ह्या एका बाईसमोर त्यांचा पदर आपोआप सारखा होई. अन्नपूर्णाबाई कुणाला बरं वाटावं म्हणून काही बोलत नसत. त्यांनी एका लग्नात नवरदेवाला तोंडावर सांगितलं होतं की सूट भाड्याचा दिसतो.

चहा आला. सगळे पुढच्या खोलीत बसले. नमितानं आपल्या काचेच्या बरणीतली बिस्किटं एका ताटलीत काढली, रुख्मिणीबाईंनी आपल्या पिप्यातली दुसऱ्या ताटलीत. नमितानं आपली बिस्किटं चांगली खरपूस भाजली होती, दोन्ही ताटल्या शेजारी ठेवल्या तर ओळखू येईनात.

अन्नपूर्णाबाईंनी आधी सुनेचं उचललं. चावलं, डोळे मिटले. "चांगलं आहे. खुसखुशीत आहे. शिकली तू." हे कौतुक ऐकून नमिताचा चेहरा का पडला, ते रुख्मिणीबाईंना कळेना. मधुकररावही एकदम खुर्चीत पुढे सरकून बसले.

मग अन्नपूर्णाबाईंनी दुसऱ्या ताटलीतलं उचललं. चावलं. चावणं थांबलं. त्यांनी घास गालात सारला. मग घोटभर चहा घेतला, आणखी एक घेतला.

"रुख्मा," त्या म्हणाल्या, "हे तळाचं का भाजाचं?"

"म्हणजे?"

"पापड आहे हा. पापडखार घातला तू ह्याच्यात."

रुख्मिणीबाई हसल्या, कारण दुसरं काय करावं सुचेना. मग डॉक्टर, साखर सगळं बाजूला ठेवून त्यांनी स्वतः एक तुकडा तोंडात टाकला. त्या उठल्या, आत गेल्या. फळीवरची बरणी काढल्याचा आवाज आला, मग झाकण उघडल्याचा आला.

बाहेर आल्या त्या एका हातात पापडखाराची बरणी आणि दुसरा हात कंबरेवर ठेवून. "तुमाले सगळ्याईले माहीत होतं?"

प्रफुल छताकडे पाहू लागला. नमिता म्हणाली, "आई, मी बोलले असते तर तुम्ही म्हटलं असतं, सून जळते. म्हणून मी सकाळी गुपचूप बदलली. माझी तुमच्या पिप्यात भरली, तुमची माझ्या बरणीत. मुद्दाम जास्त भाजली होती, रंग जुळावा म्हणून. मी हरले असते, काय बिघडलं असतं? पण मग पिप्यात पुन्हा ही कशी आली?"

मधुकरराव खाकरले. "दुपारी मी बदलली," ते म्हणाले. "मले वाटलं बरणीत चांगली आहे. ती पिप्यात टाकली, पिप्यातली बरणीत."

एकानं नेलेली दुसऱ्यानं इमानदारीनं जागेवर आणून ठेवली होती. अन्नपूर्णाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. रुख्मिणीबाईंना हसू आलं नाही. गल्लीभर फिरलेल्या ताटल्या त्यांना एकेक आठवत होत्या. बकरी आठवली. पण त्या सगळ्यांवरचा राग गोळा होऊन एकाच खुर्चीकडे वळला.

"बाकीचे भितात मले, समजलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काऊन नाई बोलले? रोज दोन-दोन खाल्ली. काऊन खाल्ली?"

"कोणीच खात नोयतं," मधुकरराव म्हणाले. "पिपा तसाच राह्यला असता तर तुले समजलं असतं."

रुख्मिणीबाई ह्यावर थोड्या अडखळल्या, पण थांबल्या नाहीत. "कशी लागत होती ते सांगा. आज मले बरं आहे नाई पाहिजे. जन्मात एक डाव खरं मत सांगा."

"खरं सांगू?"

"सांगा."

"कडू," मधुकरराव म्हणाले. "साबण चावल्यासारखी. पहिल्या दिवशी मले वाटलं, दाताचं औषध तोंडात राह्यलं."

आणि मग ते थांबेचनात. इतक्या वर्षांचा साठा होता. मुगाच्या वड्यांत हिंग फार असतो, हे त्यांनी सांगितलं. बैठकीला गुलाबी रंग दिला तो दवाखान्यासारखा दिसतो. प्रफुलनं दुकानात काचेचा काउंटर केला, त्यामागे तो औषधवाल्यासारखा दिसतो. नमिताचा गाजराचा केक मधे कच्चा होता, तेव्हा तिनं दहापैकी विचारलं होतं, त्यांच्या मते चार. आणि ताई संक्रांतीला जे तिळाचे लाडू पाठवते ते फुटत नाहीत, ते कित्येक वर्षं खिशात घालून बाहेर नेऊन टाकतात. इथे अन्नपूर्णाबाईंचं हसणं बंद झालं.

"पण एक सांगतो," मधुकरराव बशीतल्या बिस्किटाकडे पाहत म्हणाले. "ओव्हनचं बिस्किट चहात बुडवलं का खाली जाते. चमच्यानं काढा लागते. हे कडू होतं, तरी शेवटपर्यंत हातात राह्यलं. बिस्किट भट्टीचंच पाहिजे. तू भट्टी सोडू नको. सोडा तेवढा हिरालालचा घेजो."

खोलीत सगळे अन्नपूर्णाबाईंकडे पाहू लागले, कारण निकाल त्यांचा होता. त्यांचं मन अजून लाडवांपाशी होतं. "मधू बोलला म्हणजे झालं," त्या कोरडेपणानं म्हणाल्या. "तो काही रोज बोलत नाई." नमितानं लगेच सांगून टाकलं की पुढच्या डिसेंबरात तीही आईंबरोबर भट्टीवर जाणार, बाकावर जागा असेल तर. रुख्मिणीबाई म्हणाल्या, भिंतीकडची सोडून कुठेही बस.

बाक वाचला होता. पण त्या अजून खुर्चीसमोरून हलल्या नव्हत्या. एवढं तोंड उघडलंच आहे, तर पुन्हा कधी उघडेल भरवसा नाही.

"आणि मले पाहाले आलते तवा?" त्यांनी विचारलं. "तवाही घरी जाऊन बरी आहे म्हटलं होतं."

मधुकररावांनी कप खाली ठेवला. "तवा बाबा समोर होते. जास्त चांगली म्हटलं असतं तर म्हणाले असते, पोरगं आत्तापासूनच बायकोच्या मुठीत गेलं. म्हणून बरी म्हटलं."

"मग खरं काय होतं?"

त्यांनी पेपर उघडला, बंद केला. "लय बरी होती," ते म्हणाले.

प्रफुल अन् नमिता एकमेकांकडे पाहून आत निघून गेले. अन्नपूर्णाबाईंना एकाएकी पिशवीत काहीतरी शोधायचं आठवलं. मधुकररावांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग, आयुष्यात पहिल्यांदाच इतकं बोललेला माणूस विचारील तसं, हळूच विचारलं, "कसं आहे? माझं मत?"

रुख्मिणीबाईंनी पापडखाराच्या बरणीचं झाकण गच्च आवळलं, पदर सारखा केला, आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना सांगितलं,

"बरं आहे."